रोसानोचं जांभळं पान

रोमचे चार दिवस आणि नेपल्सचे दोन, यांच्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय. मला लिहायचंय ते इटलीच्या बुटाच्या पुढच्या टोकाला, कलाब्रियात घालवलेल्या एका दुपारबद्दल.

सिबारीला उतरल्यावर कळलं, पुढची गाडी रद्द. बदली बस कुठून सुटते हे स्टेशनात कुणालाच ठाऊक नव्हतं. दीड तास उन्हात उभं राहून बस मिळाली, ती आयोनियन समुद्राच्या काठाने रोसानोच्या खालच्या वस्तीपर्यंतच. जुनं गाव वर डोंगरावर. तिथे पोचले तेव्हा दुपारची सगळी दारं बंद. इतक्या अडचणीच्या जागी जगातलं इतकं मोलाचं पुस्तक आहे, आणि तिथवर जायची धड सोय नाही, याचा मला मनापासून राग आला होता. एका आजीबाईंनी खिडकीतून बघून न मागता पाण्याची बाटली खाली दिली, तेव्हा तो थोडा निवळला.

हे पुस्तक म्हणजे 'कोडेक्स पुर्पुरेउस रोसानेन्सिस'. सहाव्या शतकातली ग्रीक शुभवर्तमानांची, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांची, हस्तलिखित प्रत. जांभळ्या रंगात रंगवलेलं चर्मपत्र, त्यावर चांदीच्या शाईची अक्षरं, शुभवर्तमानाच्या सुरुवातीच्या ओळी सोन्याच्या. आज 188 पानं उरली आहेत. त्यांत मत्तयाचं शुभवर्तमान पूर्ण आहे आणि मार्काचं शेवटच्या अध्यायात चौदाव्या ओवीपाशी तुटतं. इटलीत ग्रीक पुस्तक कसं, असं मला आधी वाटलं होतं. पण अकराव्या शतकापर्यंत इथे बायझंटाइन, म्हणजे ग्रीक भाषेच्या पूर्व रोमन साम्राज्याची, सत्ता होती, इथले मठवासी ग्रीकमध्येच प्रार्थना करत. कॅथेड्रलमध्ये जपलेली ही प्रत 1879 साली गेबहार्ट आणि हार्नाक या दोन जर्मन अभ्यासकांनी जगापुढे आणली. 2015 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक स्मृतींच्या यादीत घेतलं. आता ती कॅथेड्रलशेजारच्या संग्रहालयात असते.

मी आले होते एका चित्रासाठी. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचं, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्याची जी गोष्ट येशूने सांगितली तिचं, चित्र. त्यात जखमी माणसावर वाकलेला शोमरोनी म्हणजे स्वतः येशूच, आणि शेजारी देवदूत सोन्याचं भांडं धरून उभा, तेही उघड्या हातांनी नाही, वस्त्राने हात झाकून. आपल्याकडे देवाचा प्रसाद पदरात घेतात तसा. छापील चित्रात ते हात पाहिल्यापासून मूळ पान पाहायचं मनात होतं.

काळोख्या खोलीत काचेच्या पेटीशी गेले, तर उघडलेल्या पानांवर नुसता मजकूर. पानं किती वेळ उजेडात ठेवायची याला मर्यादा असते, हे मला कळतं. तरी घशात आवंढा आला. चित्र शेजारच्या पडद्यावर होतं, पण पडदा मी घरीही बघू शकले असते.

मग, आलेच आहे तर, म्हणून अक्षरं बघत राहिले. ग्रीक मला येत नाही, फक्त गणितातली अक्षरं ओळखता येतात. दोन स्तंभ, वीस-वीस ओळी, शब्दांमध्ये जागा नाही. आजोबांच्या पोथ्यांत असंच असायचं, शब्द सलग, कुठे तोडायचा ते वाचणाऱ्याने जाणायचं. चांदी काही ठिकाणी देव्हाऱ्यातल्या निरांजनासारखी काळवंडलेली, काही ठिकाणी अजून लखलखीत. आणि मध्येच दोन-दोन अक्षरांवर आडवी रेघ. हे काय, असं तिथल्या देखरेख करणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, ही पवित्र नावं. देव, प्रभू, येशू. ती पूर्ण लिहीत नाहीत, पहिलं आणि शेवटचं अक्षर लिहून वर रेघ देतात. मग मी रेघा शोधत सुटले. अर्थ न कळणाऱ्या पानावर देवाचं नाव तेवढं नेमकं सापडत होतं. किती वेळ गेला, ठाऊक नाही.

रंगाचं तिनेच सांगितलं. सम्राटांचा जांभळा समुद्री शंखातून काढत, म्हणून इथेही तोच असेल असं वाटायचं. तपासणीत निघाला दगडावर वाढणाऱ्या लायकेनचा रंग, सोड्याबरोबर तयार केलेला. मी म्हटलं, "अगं, लायकेन आमच्याकडे मसाल्यात घालतात!" तिचा विश्वासच बसेना. नाव लिहून द्या म्हणाली. तिकिटाच्या मागे 'दगडफूल' लिहून दिलं. तिने शिरोरेषेवरून बोट फिरवलं आणि गंभीरपणे विचारलं, "म्हणजे हे देवाचं नाव आहे?"

नाही, स्वयंपाकघरातलं आहे, असं सांगताना मला उगीचच भरून आलं.

एक गोष्ट मात्र सलत राहिली. 1917 ते 1919 मध्ये झालेल्या दुरुस्तीने चित्रांच्या पानांचं रूप कायमचं बदललं. 2012 नंतर रोममध्ये काही वर्षं नव्याने काळजी घेतली गेली, पण गेलेलं परत येत नाही. जपण्याच्या हेतूने पुढे आलेल्या हातांनीच हे व्हावं, याचं फार वाईट वाटतं.

खाली उतरताना ज्येष्ठमध घेतलं. इथल्या मातीत ते भरपूर येतं आणि 1731 पासून अमारेल्ली घराणं त्याच्या काळ्या गोळ्या करतं. आईला घशासाठी आवडल्या. पण तिला जास्त रस रंगात. तिने मूठभर दगडफूल सोड्याच्या पाण्यात भिजत घातलंय. आज आठवा दिवस. पाणी अजून तपकिरीच आहे.