तुम्ही विचारलंत म्हणून: मी औषधाचं नाव का सांगत नाही

तोंडी सांगून सांगून थकले म्हणून आता लिहितेय. गेल्या तीनेक वर्षांत हा प्रश्न मला बँकेतल्या मैत्रिणींनी विचारला, जाऊबाईंनी विचारला, त्यांच्या बहिणीने फोन करून विचारला, एका लग्नात जेवायच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईने विचारला. पिशवी-ओव्हरीच्या ऑपरेशननंतर तुम्हाला जे हार्मोनचं औषध सूट झालं त्याचं नाव सांगा ना. मी नाव सांगत नाही म्हटल्यावर समोरचीचा चेहरा उतरतो, तिला वाटतं हिला स्वतःपुरतं ठेवायचंय. तसं नाहीये हो. वाफा, पहाटे तीनला भिजलेली उशी, जिना उतरताना बोलणारे गुडघे, हे मी तुम्हाला काय सांगणार, तुम्ही त्यातूनच जाताय म्हणून तर विचारताय. पण नाव हे उत्तर नाही, आणि ते का नाही हे दोन वाक्यांत मला कधीच सांगता आलेलं नाही.

माझं ऑपरेशन ऑगस्ट 2021 मध्ये झालं, वय 41. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या आतलं अस्तर पिशवीबाहेरही वाढायचं, त्यामुळे दोन्ही ओव्हरींत चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताच्या गाठी, ॲडेनोमायोसिस, म्हणजे तेच अस्तर पिशवीच्या भिंतीत शिरलेलं, हिमोग्लोबिन सातवर आलेलं. गर्भाशयाची पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढल्या. "घाई केलीस" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की महिन्यातले बारा दिवस मी काय अंगावर काढत होते ते तुम्ही पाहिलेलं नाही. ऑपरेशन बरोबरच होतं. चुकलं ते नंतरचं. घरी सोडताना टाक्यांबद्दल सांगितलं, वजन उचलू नका सांगितलं, पाळीची कटकट संपली असंही सांगितलं, पण हार्मोन हा शब्द कोणी काढला नाही. ज्यांची पाळी आपणहून जाते त्यांचं शरीर चार-पाच वर्षं हळूहळू सवय करून घेतं. आपलं हार्मोन एका दुपारी जातं. आणि नुसतं इस्ट्रोजेन, म्हणजे ओव्हरींत बनणारं बायकांचं मुख्य हार्मोन, नाही, बायकांच्या शरीरातलं जवळजवळ निम्मं टेस्टोस्टेरॉनही ओव्हरींमुळे असतं, तेही त्याच दुपारी जातं. हे मला कळायला दीड वर्ष लागलं.

तीन महिन्यांनी पहिली गोळी मिळाली, कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन, 0.625 मिलिग्रॅम. पहिला महिना मी देवाचे आभार मानले, वाफा जवळपास गेल्या. मग डोकं सुरू झालं. मला कॉलेजपासून मायग्रेन आहे, आधी डोळ्यापुढे नागमोडी चकाकती रेघ येते आणि वीस मिनिटांनी अर्धं डोकं ठणकायला लागतं. असा मायग्रेन असेल तर तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनचा जपून विचार करतात, कारण स्ट्रोकचा धोका. मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, मला वाटलं पिशवीच्या डॉक्टरांना डोक्याचं काय सांगायचं. त्यात माझी थायरॉईडची 75 ची गोळी चालू होती, टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की वाढणारा आणि जास्त झालं की उतरणारा रक्तातला आकडा, 3 वरून 9 वर गेला, म्हणून ती 100 ची झाली. इस्ट्रोजेन पोटातून घेतलं की ते आधी लिव्हरमधून जातं, तिथे थायरॉईडचं हार्मोन बांधून ठेवणारं प्रोटीन वाढतं, मग गोळी जास्त लागते. दोन डॉक्टर, दोन फायली, आणि दोन्ही फायली मीच वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन फिरत होते.

मग जून 2022 मध्ये मी गोळी बंद केली. कोणाला न विचारता.

यावर मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं म्हणून नीट सांगते. माझ्या सख्ख्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. ऑपरेशननंतर तिचा उजवा हात सुजून एवढा जड झाला की तिची वेणी मी घालत असे. रात्री झोप नाही, हातात फोन, आणि त्यात मी 2002 सालच्या त्या मोठ्या अमेरिकन अभ्यासाबद्दल वाचलं, हार्मोन घेणाऱ्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर वाढला म्हणून तो मध्येच थांबवला होता. वाचलं ते खरं होतं, पण अर्धंच वाचलं होतं. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, आणि जो गट थांबवला तो इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं हार्मोन, तेही घेत होता. पिशवी काढलेल्या बायकांचा नुसत्या इस्ट्रोजेनचा वेगळा गट होता, तो 2004 मध्ये थांबवला, त्यात स्ट्रोक वाढले होते, ब्रेस्ट कॅन्सर वाढला नव्हता. चाळिशीत ओव्हरी गेलेल्या बाईचा प्रश्नच वेगळा असतो, तिला जे निसर्गाने अजून काही वर्षं दिलं असतं तेवढंच परत द्यायचं असतं. हे सगळं मी आता सांगते. पण तेव्हाच्या मला मी वेडी म्हणणार नाही. तिने मावशीची वेणी घातली होती.

आता 1 नोव्हेंबर 2022. मंगळवार. दिवाळी होऊन आठवडा झालेला. बँकेत काम करणाऱ्यांना माहितीये, नोव्हेंबरची पहिली तारीख म्हणजे पेन्शन काढायला आलेले आणि हयातीचा दाखला द्यायला आलेले, दोन्ही गर्दी एकदम. मी कॅशला होते. रात्री अडीच तास झोपले असेन. कॅश केबिनमध्ये पंखा लावता येत नाही, नोटा उडतात. दिवसभर मी रुमाल मानेला लावून काम केलं, आणि चार वाजता टॅली करायला बसले तर दहा हजार कमी.

परत मोजलं. हेड कॅशियरनी मोजलं. सगळ्या स्लिपा एकेक करून टिक केल्या, ड्रॉवर बाहेर काढले, कचऱ्याची बादली पालथी केली. कमीच. माझी एकोणीस वर्षं नोकरी, त्याआधी सगळ्यात मोठा शॉर्ट पाचशेचा होता आणि तोही दुसऱ्या दिवशी मिळाला होता. साडेसहाला मॅनेजर साहेबांनी सीसीटीव्ही लावला. ते चांगलेच वागले, हे मुद्दाम सांगते, आवाज चढवला नाही की काही नाही. पण त्या स्क्रीनवर मी मला पाहिलं. एक बाई सारखी ब्लाऊजचा गळा ओढतेय, स्लिपने वारा घेतेय. पांढरी टोपी घातलेले एक आजोबा स्लिप सरकवतात. ती गड्डी घेते, मशीनमधून काढते, नोटा काउंटरवर ठेवते. आणि थांबते. हात तसाच अधांतरी. आठ सेकंद, नऊ सेकंद. आजोबा तिच्याकडे बघतायत, मागचा माणूस मान वाकडी करून बघतोय. मग ती दुसऱ्या गड्डीला हात घालते आणि परत मोजायला लागते. आधीच्या नोटा तिने उचलल्या की नाही ते दिसत नाही, मध्ये तिची पाठ येते. साहेबांनी तीनदा मागे घेऊन पाहिलं. तीनदा ती बाई तशीच थांबली.

मला ते नऊ सेकंद आठवत नाहीत. आजही नाही. आजोबांचा चेहरा आठवतो, टोपी आठवते, मधलं काही नाही.

आजोबांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, मला चौदाच हजार मिळाले, घरी सुनेने मोजले." मला नाही वाटत ते खोटं बोलले, पैसे कदाचित दुसऱ्याच कोणाकडे गेले असतील. दहा हजार मी भरले, ते कॅशियरनेच भरायचे असतात. मिस्टर बाहेर गाडीवर थांबले होते, त्यांना मी घरी जाऊन सांगितलं, वाटेत सांगितलं नाही कारण वाटेत बोलता येत नव्हतं.

ही गोष्ट मी सांगितली की सगळ्या म्हणतात, बघ, हार्मोन बंद केल्याने झालं. मी सुद्धा कितीतरी दिवस तसंच सांगायचे. पण जानेवारीत पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा टीएसएच 0.2 निघाला. म्हणजे इस्ट्रोजेनची गोळी बंद केली पण तिच्यामुळे वाढवलेली 100 ची थायरॉईडची गोळी तशीच चालू होती आणि ती आता जास्त होत होती. त्यानेही घाम येतो, झोप उडते, छातीत धडधडतं. मग त्या दिवशी काउंटरवर जी थांबली ती इस्ट्रोजेन नसल्याने की थायरॉईड जास्त झाल्याने की नुसती झोप नसल्याने? की चूक कोणाचीही होते तशी झाली? मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, वेगळं करून सांगता येणार नाही.

त्यांनी मला चाळीस मिनिटं दिली. मायग्रेनचं पहिल्यांदा त्यांनी विचारलं. जेल दिलं, मांडीला बाहेरून लावायचं, वाळेपर्यंत कपडा नाही, लहान मुलाचा हात लागू द्यायचा नाही. त्वचेतून जातं म्हणून आधी लिव्हरला जात नाही, रक्ताच्या गाठींचा धोका गोळीपेक्षा कमी, थायरॉईडचं गणितही फारसं बिघडत नाही, मी परत 75 वर आले. पण तेही एका फटक्यात बसलं नाही. निम्म्या मापाने सुरुवात, मग पूर्ण माप, अडीच ग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅम इस्ट्रॅडिऑल. त्याच्या वर गेलो तर छाती इतकी दुखायला लागली की पर्सचा पट्टा सहन होईना, परत खाली आलो. प्रत्येक वेळी सहा ते आठ आठवडे थांबायचं. साताऱ्यात जेल पटकन मिळायचं नाही, एकदा स्वारगेटहून कोणी आणणारं नव्हतं म्हणून बारा दिवस रिकामे गेले आणि पाचव्या रात्री उशी परत भिजली. आणि खालचा कोरडेपणा जेलने गेलाच नाही, त्याला तिथलं वेगळं क्रीम लागलं. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. नवऱ्याजवळ जावंसं वाटणं मात्र पूर्ण परत आलेलं नाही, आणि बायकांसाठीचं टेस्टोस्टेरॉन आपल्याकडे सरळ दुकानात मिळेल असं नाही, त्यामुळे तो विषय आमच्या घरात अजून तिथेच आहे.

प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे पिशवीचं अस्तर आवरणाऱ्या दुसऱ्या हार्मोनचं, तर मलाच ठरवता आलेलं नाही. पिशवी नाही तर गरज नाही, असं एक डॉक्टर म्हणतात. एंडोमेट्रिओसिसचे ठिपके आतड्यावर राहिले असतील तर नुसतं इस्ट्रोजेन त्यांना जागं करेल, म्हणून थोडे दिवस घ्या, असं दुसऱ्या म्हणतात. मी वर्षभर घेतलं, रात्री झोप चांगली लागायची, मग सोडलं. बरोबर केलं का, माहीत नाही.

आता नावाचं. एकदा मी सांगितलं होतं. पहिली गोळी घेत होते तेव्हा, पहिल्या महिन्याच्या आनंदात, एका मैत्रिणीला. तिने मेडिकलमधून सरळ आणली आणि सुरू केली. तिच्या ओव्हरी काढल्या होत्या पण पिशवी होती. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं की आतलं अस्तर वाढत जातं, त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. सात-आठ महिन्यांनी तिला ब्लीडिंग सुरू झालं, बायोप्सी झाली. रिपोर्ट नॉर्मल आला. पण तो येईपर्यंतचे नऊ दिवस आमच्या दोघींमध्ये राहिले, ती आता माझ्याशी बोलते तेवढंच बोलते.

म्हणून मी उलट विचारते की तुमचं काय काढलं, आणि निम्म्या जणींना सांगता येत नाही. "सगळं काढलं" म्हणतात. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, 82 हजारांत तेरा हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, तेव्हापासून मला वाटतं, त्यातल्या किती जणींना ओव्हरी राहिल्या की गेल्या हे माहीत असेल. तुमचं डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर बीएसओ ही तीन अक्षरं असतील तर दोन्ही ओव्हरी गेल्यात. कार्ड नसेल तर बायोप्सीचा रिपोर्ट शोधा. मायग्रेन, थायरॉईड, घरातला कॅन्सर, कधी पायात गाठ झाली का, हे एका कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा, त्यांनी विचारलं नाही तरी ठेवा.

आणि "अजून किती वर्षं घेणार" याचं उत्तर: पन्नाशीपर्यंत तरी. पुढचं मला आज सांगता येत नाही. मावशी मनात आहेच, दर वर्षी मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर बसते तेव्हा ती शेजारी बसलेली असते.