नवेगावबांध ते इटियाडोह: झाडीपट्टीतल्या तलावांच्या काठाने

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला येणारे बहुतेक लोक वाघासाठी येतात. पहाटे जिप्सीत बसायचं, दुपारी जेवायचं आणि संध्याकाळपर्यंत नागपूर गाठायचं. तलाव त्यांना येता-जाता दिसतो तेवढाच. आम्ही चौघांनी या हिवाळ्यात सफारीचं बुकिंग केलंच नाही. तलावाच्या पारीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, चालायचं, आजूबाजूच्या टेकड्या जिथे परवानगी असेल तिथे चढायच्या, मग खाली अर्जुनी मोरगावकडे सरकत इटियाडोह धरणाच्या पाण्यापर्यंत जायचं आणि तिथे तंबूत रात्र काढायची, असा बेत होता. तो जमला, आणि मनापासून सांगतो, पूर्व विदर्भातली ही झाडीपट्टी बघायची असेल तर ती अशी पाण्याच्या काठाने बघावी.

नागपूरहून गाडीने निघालात तर भंडारा, साकोली करत कोहमाऱ्यापर्यंत मोठा रस्ता आहे. कोहमाऱ्याला उजवीकडे वळलं की जंगल सुरू होतं. थांबत-थांबत गेलं तरी तीन-साडेतीन तासांत पोचता येतं. रेल्वेने यायचं तर गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं देवलगाव स्टेशन नवेगावबांधला सगळ्यात जवळचं. तिथे थांबणाऱ्या गाड्या कमी आहेत, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी बघून घ्या. एसटी गोंदियाहून आणि साकोलीहून मिळते. पैसे काढायचे असतील तर नवेगावबांध किंवा अर्जुनी मोरगावलाच काढा. पुढच्या गावांत रोख पैसेच कामाला येतात आणि मोबाईलची रेंजही टिकत नाही.

आता तलावाबद्दल. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे पाणी निसर्गाने साठवलंय असंच वाटतं. चहूबाजूंनी जंगलाने झाकलेल्या टेकड्या, मध्ये सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी आणि त्यात मालडोंगरी नावाचं बेट. पण हा तलाव माणसांनी बांधलेला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं मानतात. त्यांनी डोंगरांमधल्या खिंडी तेवढ्या ओळखल्या आणि मातीच्या बांधाने बंद केल्या. उरलेली भिंत डोंगरांनीच पुरवली. जुन्या गॅझेटियरात तलावाचा घेर १७ मैल दिला आहे. एवढं पाणी अडवायला बांध किती थोडा लागला, हे पारीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मी तरी तिथे बराच वेळ नुसता बघत उभा होतो. पातळी मोजायचं यंत्र नाही, नकाशा नाही, आणि पाणी कुठून उतरेल, कुठे थांबेल आणि कुठून सोडावं लागेल हे सगळं बरोबर!

कोलू पाटलांना इथे कोलासूर म्हणून देवपण मिळालं आहे. तलावाभोवतीच्या शिखरांपैकी एकावर त्यांचं ठाणं आहे. या शिखरांना सातबहिणी म्हणतात, आणि बांध घालताना या बहिणींनीच मदत केली अशी लोकांची श्रद्धा आहे. कोहळी समाजाची मंडळी काशीकडून आली आणि गोंड राजांनी त्यांना तलाव बांधण्याच्या बदल्यात जमिनी दिल्या, ही गोष्ट गावातला कुणीही म्हातारा सांगेल. बसा आणि ऐका. घाई करू नका.

आम्ही गावातला एक माणूस सोबत घेतला. जातीने धीवर, म्हणजे मासेमारी करणारा, लहानपणापासून याच पाण्यावर वाढलेला. तुम्हीही असंच करा, हा माझा पहिला सल्ला. एक तर जंगलाची हद्द कुठे सुरू होते हे नवख्याला कळत नाही. नवेगाव हे १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. गाभा क्षेत्रात पायी फिरायला परवानगी नाही, आणि कुणी 'चालतंय' म्हणालं तरी जाऊ नका. तलावाचा पर्यटन संकुलाकडचा काठ, मनोरा आणि पार एवढ्यातच दिवस छान जातो. कोलासूरच्या डोंगराकडे जायचं असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा आणि ते म्हणतील तेच ऐका.

दुसरं म्हणजे, असा माणूस सोबत असला की तलाव वाचता येतो. पारीवरून चालताना आमच्या या वाटाड्या काकांनी तुडुम दाखवला. शेतात पाणी सोडायची ही वाट. मग सलंग, म्हणजे जास्तीचं पाणी ज्या बाजूने निघून जातं ती जागा. सलंग नेहमी मुख्य पारीपासून दूर, कठीण जमिनीवर काढतात, नाहीतर पुराचं पाणी मातीची पारच खाऊन टाकेल. पारीवरची जुनी झाडं का तोडायची नाहीत, गुरं कुठून उतरवायची, कुठल्या बाजूला गाळ बसतो, हे सगळं ते चालता-चालता बोलत होते. दुपारी आम्ही लांबच्या काठाकडे निघालो तर म्हणाले, "भाऊ, दिवस बुडायच्या आत परत या. अस्वल पाण्यावर येते." इथे वाघाइतकीच अस्वलाची धास्ती आहे, आणि ती खरी आहे. उन्हाळ्यात मोहफुलं पडतात तेव्हा तर पहाटे झाडाखाली जाऊच नये.

पक्ष्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी धुकं उठायच्या आधी पारीवर पोचलात तर अडई बदकांचे थवे शिट्ट्या घालत डोक्यावरून जातात. उथळ काठावर जांभळ्या पाणकोंबड्या असतात, आणि मध्ये खोल पाण्यात लांबून आलेली बदकं. दुर्बीण नसेल तर मागून आणा, कारण पाणी इतकं पसरलंय की नुसत्या डोळ्यांना ठिपके दिसतात. सारस मात्र इथे शोधत बसू नका. गोंदिया जिल्हा सारसांसाठी ओळखला जातो हे खरं, पण त्यासाठी गोंदियाजवळच्या परसवाडा, झिलमिली या तलावांकडे जायला हवं. नौकाविहार कधी चालू असतो, कधी बंद. त्याच्या भरवशावर मुलांना कबूल करून आणू नका.

मुक्काम तलावाकाठच्या संकुलात केला. शनिवार-रविवार आणि नाताळाच्या सुट्टीत खोल्या मिळत नाहीत, आगाऊ बुकिंग हवंच. काठावर स्वतःच्या मनाने तंबू ठोकायचा विचार सोडून द्या. रात्री हा काठ जनावरांचा असतो. पाण्यावर उतरायच्या त्यांच्या वाटा ठरलेल्या आहेत, आणि सकाळी ओल्या मातीत ठसे बघितले की आपण खोलीत झोपलो हे किती बरं झालं ते समजतं.

दुसऱ्या दिवशी अर्जुनी मोरगावच्या दिशेने निघालो. हा पट्टा गाडीतून झर्रकन ओलांडण्यासारखा नाही. दर दोन-चार किलोमीटरला एखादी बोडी, म्हणजे छोटं तळं, किंवा गावतलाव आहे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या ताब्यातले, तलाव आहेत. जमीनदारी गेली तेव्हा, १९५० नंतर, हे तलाव सरकारकडे आले आणि गावकऱ्यांची देखभालीची जुनी व्यवस्था मोडत गेली. गाळ वाढला, पार खचली, आणि कितीतरी ठिकाणी बेशरमने पाणी गिळलं. जांभळट फुलांचं हे झुडूप रस्त्यावरून सुंदर दिसतं, पण त्याच्या दाटीत ना मासळी टिकते, ना पक्षी. याच तालुक्यातल्या काही तलावांत धीवर समाजाच्या बायकांनी चिखलात उतरून बेशरम उपटली, स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या, आणि मासे वाढले. अशा तलावाच्या पारीवर थांबलात तर दोन्हींतला फरक डोळ्यांनी दिसेल. एका बाजूला स्वच्छ पाणी आणि कमळं, दुसऱ्या गावात नुसतं रान. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोलाची बघण्याची गोष्ट हीच आहे, आणि तिला तिकीट नाही.

शिंगाड्याचा हंगाम असेल तर काठावरच उकडलेले शिंगाडे घ्या. जेवणात भात असणारच, कारण ही धानाची भूमी. मासळीचा झणझणीत रस्सा, लाखोरीची डाळ, जवसाची चटणी असं ताट आम्हाला एका घरी मिळालं. धाबे मोठ्या रस्त्यावर आहेत, आतल्या गावांत नाहीत. सकाळी निघतानाच कुणाला तरी सांगून ठेवलं तर घरचं जेवण मिळतं, आणि त्याचे पैसे आग्रहाने द्या. लोक घ्यायला लाजतात.

इटियाडोह धरण गोठणगावजवळ गाढवी नदीवर आहे. इथलं पाणी गोंदिया आणि गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांतल्या धानाला जातं. नवेगावहून इथे आलं की पाण्याचा स्वभावच वेगळा वाटतो. तिकडे सगळं मुरलेलं, झाडांनी वेढलेलं. इथे विसाव्या शतकातल्या अभियंत्यांनी अडवलेलं मोकळं, वाऱ्याचं पाणी, आणि त्याच्या मागे निळे डोंगर. भरल्या पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडतं तेव्हा बघ्यांची गर्दी होते. त्या दिवसांत सांडव्याच्या खालच्या खडकांवर उतरू नका. शेवाळ असतं आणि पाण्याचा जोर वरून कळत नाही. हिवाळ्यात मात्र शांतता असते.

जवळच तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. १९७२ मध्ये वसलेली. धानाच्या बांधांवर रंगीत प्रार्थना-पताका फडफडताना बघून पहिल्यांदा येणारा थबकतोच. हिवाळ्यात इथले कितीतरी लोक स्वेटर विकायला शहरांकडे गेलेले असतात, त्यामुळे वस्ती रिकामी-रिकामी वाटते. विहारात जाताना बूट बाहेर काढा, प्रार्थना चालू असेल तर मागे शांत बसा, आणि माणसांचे फोटो विचारून घ्या. तिथल्या एका आजीबाई आमच्याशी इतकं सरळ मराठी बोलल्या की आम्हीच गप्प झालो.

याच तालुक्यातल्या प्रतापगडचा (साताऱ्याकडचा नव्हे) डोंगर चढायला सोपा आहे. महादेवाचं ठाणं आणि दर्गा दोन्ही इथे असल्याने वाट रुळलेली आहे. ऊन चढायच्या आत वर जा, प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी हवं. आम्ही गेलो त्या सकाळी खाली धुकं आणि त्यातून वर आलेली सागाची, ऐनाची रानं असं दृश्य होतं. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. यात्रा बघायची असेल तर जरूर या, पण शांतपणे डोंगर चढायचा असेल तर तो आठवडा टाळा.

तंबूची रात्र धरणाच्या काठावर न काढता, थोड्या अंतरावरच्या एका शेतकऱ्याच्या अंगणात काढली. ओळखीतून आधी बोलणं झालं होतं, आणि पोचल्याबरोबर पोलीस पाटलांना कळवलं. हे टाळू नका. गडचिरोलीची हद्द जवळ आहे, रात्री अनोळखी माणसं दिसली की विचारपूस होते. आधार कार्ड सोबत असू द्या आणि सरळ उत्तरं द्या. अंगणात शेकोटी मिळते, विहीर असते, आणि घरात माणसं जागी असतात. चांगल्या मुक्कामाला याहून जास्त काय लागतं? जंगलालगत शेकोटी पेटवणं मात्र गुन्हा आहे आणि वणव्याला आमंत्रण.

थंडीला हलकं समजू नका. जानेवारीत गोंदियाचा पारा दहाच्या खाली जातो, आणि पाण्याजवळ दव इतकं पडतं की तंबूचं कापड सकाळी पिळून काढावं लागतं. वरचं पाणी न झिरपणारं आवरण, खाली जाड चटई आणि कोरडे मोजे एका वेगळ्या पिशवीत ठेवा. तंबूची चेन पूर्ण लावूनच झोपा, उघड्या जमिनीवर अंथरूण टाकू नका. धानाच्या भागात मण्यार असतो, तो रात्री फिरतो आणि त्याचा दंश झोपेत कळतही नाही. बूट घालण्याआधी झटकून घ्या. कुणाला साप चावलाच तर बांधणं, कापणं, मांत्रिक यात वेळ न घालवता थेट अर्जुनी मोरगावचं ग्रामीण रुग्णालय गाठा. मच्छरांसाठी मलम हवंच, हा मलेरियाचा पट्टा आहे. परतल्यावर पंधरा-वीस दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना इथे राहून आल्याचं आवर्जून सांगा. पिण्याचं पाणी उकळून किंवा गाळून घ्या, तलाव कितीही नितळ दिसला तरी.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कधीही या. दिवाळीनंतर आलात तर मंडई, म्हणजे इकडच्या गावजत्रा, आणि झाडीपट्टीची नाटकं पदरात पडतील. रात्रभर चालणारं नाटक बघून दुसऱ्या दिवशी डोंगर चढायचा बेत मात्र ठेवू नका, एक दिवस मध्ये सोडा. मार्चपासून ऊन झोंबतं आणि तलाव मागे सरतो. पावसाळ्यात हिरवाई डोळे निववते, पण आतले रस्ते चिखलाने बंद पडतात आणि सफारीची फाटकं बंद असतात. सफारी करायचीच असेल तर आठवड्याच्या सुट्टीचा वार बुकिंग करतानाच बघून घ्या. परतताना आम्ही अर्जुनी मोरगाववरून वडसा गाठलं आणि तिथून ब्रह्मपुरीमार्गे नागपूर. या वाटेवर वडशाजवळ वैनगंगा ओलांडायला मिळते. गाडीत पेट्रोल मात्र अर्जुनीलाच भरून घ्या.