पाच शनिवार, ४९० डाव आणि स्मॉल ब्लाइंडचं भोक

आमच्या पोकरच्या टेबलावर माझ्याबद्दल एकमत आहे: "हा काहीही घेऊन घुसतो." सहा जण, चिप्स खोट्या, सगळ्यात आधी रिकामा होईल त्याने रविवारी मिसळ खिलवायची. गेल्या दोन महिन्यांत मी चारदा खिलवली. म्हणून ठरवलं, आपण खरंच किती लूज, म्हणजे कसलीही पानं घेऊन, खेळतो ते मोजायचं.

ऑनलाइन खेळणाऱ्यांना पोकरट्रॅकरसारखी सॉफ्टवेअरं हे आकडे आयते देत. ऑगस्ट २०२५च्या कायद्यानंतर पैशांचा ऑनलाइन खेळ आपल्याकडे बंदच झाला, आणि आमचा अड्डा तर पहिल्यापासून जेवणाच्या टेबलावरचा. त्यामुळे हिशेब खिशातल्या वहीत. प्रत्येक डावाला एक रेघ, स्वतःहून चिप्स टाकल्या तर फुली, रेझ केलं, म्हणजे बोली वाढवली, तर फुलीला गोल. शेजारी बसायची जागा. पत्ते पिसायला आमच्यात कोणाचाच हात चालत नाही, त्यामुळे चार तासांत जेमतेम शंभर डाव होतात.

पहिल्याच रात्री घोळ घातला. ९६ डावांत ३७ फुल्या, म्हणजे व्हीपीआयपी (स्वतःहून चिप्स टाकलेल्या डावांची टक्केवारी) ३८.५. धसकाच घेतला. मग लक्षात आलं की बिग ब्लाइंडला (आधीच सक्तीने चिप्स टाकायच्या दोन जागांपैकी मोठ्या रकमेची; लहान ती स्मॉल ब्लाइंड) बसून फुकटात चेक केलेले, म्हणजे आणखी काही न टाकता पुढे गेलेले, १० डावही मी मोजले होते. यातला 'व्ही' स्वेच्छेचा आहे हो! ब्लाइंड सक्तीचा, कोणी रेझच केलं नाही आणि तुम्ही नुसते बसून राहिलात, तर ते धरायचं नाही. दुरुस्त आकडा २७, म्हणजे २८.१.

पुढच्या चार शनिवारी ४०.४, २३.९, ३४.५, ३२.६. चाळीसच्या रात्री मला वाटलं आपण वेडे झालोय, चोवीसच्या रात्री वाटलं सुधारलो. दोन्ही खोटं. खरा आकडा ३२ असलेला माणूस शंभर डाव खेळला, तर नुसत्या पानांच्या लहरीने तो २३ पासून ४१ पर्यंत कुठेही दिसू शकतो. माझे पाचही शनिवार त्यातच बसतात. म्हणजे एकच माणूस पाचदा येऊन बसला होता. एका रात्रीच्या आकड्यावरून स्वतःला (किंवा समोरच्याला) लूज-टाइट म्हणणं मी त्या दिवसापासून सोडलं.

पाचही मिळून ४९० डाव, १५८ फुल्या, ३२.२ टक्के. अजूनही चारेक टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, पण आता बोलता येतं. सहा जणांच्या टेबलावर नीट खेळणारे साधारण २० ते २८ मध्ये असतात. नऊ जण असतील तर त्याहून कमी. बत्तीस म्हणजे किती, हे मला टक्क्यांत कळेना, म्हणून पानांत मांडलं. दोन पानांच्या एकूण १३२६ जोड्या होतात. हातात आलेली प्रत्येक पेअर (दोन सारखी पानं) आणि एक्का असलेली प्रत्येक जोडी, अगदी एक्का-दुर्रीसुद्धा, खेळलात तरी २७० होतात, म्हणजे २० टक्क्यांच्या जरा वर. त्यावरचे बारा टक्के मी काय घेऊन बसलो होतो?

उत्तर जागांच्या रकान्यात निघालं. ब्लाइंडनंतर सगळ्यात आधी बोलायच्या जागेवर ८० पैकी १२ डाव, १५ टक्के. अगदी सज्जन. बटणावर (वाटणाऱ्याच्या जागेवर) ८२ पैकी २८; तिथे शेवटी बोलायला मिळतं, चालायचंच. आणि स्मॉल ब्लाइंडला ८१ पैकी ५२. चौसष्ट टक्के! तो रकाना झाकला तर उरलेला मी २६ टक्क्यांचा, चारचौघांसारखा खेळाडू.

कारण मला माहीत आहे. पाच चिप्स आधीच पडलेल्या असतात, 'अजून पाच टाकायला काय जातंय' हा विचार. सूट मिळतेय म्हणून नको असलेली साडी घेण्यातला प्रकार. जातंय ते पुढे: फ्लॉपनंतर (टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं उघडल्यावर) प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या आधी आपणच बोलायचं, तेही राणी-तिर्री घेऊन.

दुसरा आकडा त्याहून लाजिरवाणा. रेझ फक्त ५४ डावांत, पीएफआर (फ्लॉपआधी रेझ केलेल्या डावांची टक्केवारी) ११. बत्तीस आणि अकरा यांतली दरी म्हणजे मी घुसतो, पण दार ढकलून नाही, कोणाच्या तरी मागून. टेबलावरच्या मंडळींना मी आक्रमक वाटतो आणि वही म्हणते, हा नुसता कॉल करणारा, म्हणजे दुसऱ्याच्या बोलीइतक्याच चिप्स टाकणारा, आहे. मला वहीचं पटतं.

सहाव्या शनिवारी एकच नियम लावला: स्मॉल ब्लाइंडला, आधी कोणी रेझ केलं नसेल तर रेझ नाहीतर फोल्ड (पानं टाकून देणं), नुसती भर घालायची नाही. १७ पैकी ६ डाव खेळलो. एकूण आकडा २५.७ आला, पण तो एका रात्रीचा, त्यावर उड्या मारत नाही. सहातला एक नियम मोडूनच होता, राजा-दुर्री, एकाच रंगाची. शेजारी म्हणाला, "काय रे, वही विसरलास?" फ्लॉपवर राजा आला, त्याच्याकडे राजा-गुलाम निघाले. मिसळ पुन्हा माझ्याकडेच.