गाडी डेव्हायझेसला, पंचनामा साखळीत

इंग्लंडात रस्त्यावर धावणाऱ्या कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी वेबसाइटवर टाकला की तिच्या एमओटी चाचण्यांची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे बघणाऱ्या वार्षिक तपासण्यांची, अख्खी जंत्री समोर येते. फुकट. मालकाची परवानगी लागत नाही, ओटीपी लागत नाही. २००५ पासूनची प्रत्येक चाचणी त्यात असते: तारीख, पास की नापास, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, काय बिघडलं होतं, आणि काय आज चालेल पण लवकरच बघावं लागेल. स्विंडनमध्ये आमची साधी हॅचबॅक मी दरवर्षी या चाचणीला नेते, पण दुसऱ्याच्या गाडीची जंत्री ओळीन् ओळ वाचायची वेळ या उन्हाळ्यात आली. तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही.

गाडी आहे पोर्शे ९४४ एस२, १९९० ची. आमच्यापासून फार लांब नाही, डेव्हायझेस गावात एका निवृत्त शिक्षकांकडे. मागणी १४ हजार पौंड, म्हणजे आपले सोळा लाखांच्या आसपास. चतुर्थीला माहेरी, गोव्यातल्या साखळी गावात आले ती हा विषय घेऊनच, कारण आमच्या घरात गाडीचा निर्णय बाबा आणि दादाला सोडून होत नाही. बाबांची उमेदीची सगळी वर्षं खाणीच्या टिप्परांखाली गेली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा अंगणातलं गॅरेज ओस पडलं, आणि दादाने तिथेच लहान गाड्यांचं काम सुरू करून घर सावरलं. मी त्या गॅरेजमध्ये पाने उचलून देत वाढले. बाईमाणसाला असली गाडी कशाला, हे आमच्या घरात कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. ते विचारलं दर्शनाला आलेल्या पाहुण्यांनी.

गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाल्यावर दादाला ती जंत्री फोनवर दाखवली. एखाद्या मुलाचं पहिलीपासूनचं प्रगतिपुस्तक वाचावं तशी तो ती वाचत बसला. २०११ मध्ये गाडी नापास, कारण उजव्या दाराखालची सिल, म्हणजे पत्र्याची पोकळ पट्टी, गंजून खाल्लेली. थोड्याच दिवसांनी पुन्हा चाचणी, पास. सरांच्या फाइलमध्ये नेमक्या त्याच आठवड्यातली वेल्डिंगची पावती आहे. मध्ये काही वर्षं एकही नोंद नाही. तिथे दादाने लगेच बोट ठेवलं. "ही वर्षं कुठे गेली?" मी सांगितलं, गाडी शेडमध्ये उभी होती. रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला रीतसर कळवलं की तिथे रोड टॅक्स भरावा लागत नाही, आणि तो कागदही फाइलमध्ये आहे. खंडाच्या आधीचे आणि नंतरचे मैल पाहिले तर फरक नावापुरता. हिशेब जुळला. पुढे एका वर्षी मागच्या ब्रेक पाइपवर गंज दिसतोय असा शेरा, पुढच्या वर्षी तो शेरा नाही. टायर झिजत आल्याचा शेरा, पुढच्या वर्षी तोही नाही. दादा म्हणाला, "मालक ऐकणारा आहे." माझ्या मते गाडीबद्दल इतकं कळलं तरी अर्धा व्यवहार झाला.

या चाचणीची फी कारसाठी जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स, आणि दोष 'धोकादायक' वर्गातला निघाला तर गाडी चालवत घरीसुद्धा नेता येत नाही. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा जाच वाटला होता. आता वाटतं, हेच खरं सार्वजनिक काम. पुढच्या माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून मागच्या प्रत्येक तपासणीचा कागद उघडा ठेवायचा, यात केवढी सभ्यता आहे! आपल्याकडे पंधरा वर्षांनी खाजगी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, पुढे दर पाच वर्षांनी, तपासणीही होते. पण तपासणाऱ्याला काय दिसलं ते विकत घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. ॲपवर मालक कितवा ते कळतं, विमा आणि पीयूसीची मुदत कळते. पीयूसी धुराचं सांगेल, चेसिसचं काय? मग उरतो विकणाऱ्याचा शब्द. डॉक्टरांची गाडी, एकहाती वापरलेली, फक्त देवळात आणि बाजाराला नेलेली. मीटर मागे फिरवलेल्या किती गाड्या दादाच्या गॅरेजमध्ये येतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण एवढ्यावरून कुणी आपल्याला नावं ठेवू नयेत. साखळी-डिचोली पट्ट्यातली कुठली गाडी वाळवंटी नदीच्या पुराच्या पाण्यात उभी होती, कुठल्या गाडीचं हेड उघडून झालंय, कुठली कुणाच्या पोराने पुलाच्या कठड्याला घासली, हे दादाला तोंडपाठ आहे. गिऱ्हाईक ती गाडी घ्यायला निघालं तर तो सरळ सांगतो, नको घेऊ. त्याचे पैसे घेत नाही. इंग्लंडात असा दादा कुणाला असतो? तिथे शेजाऱ्याची गाडी कुठली हे माहीत असतं, ती कशी आहे हे विचारायची पद्धत नाही. म्हणून त्यांना वेबसाइट लागते. आपलं काम माणसावर चालतं. अर्थात साखळीचा दादा मुंबईच्या गाडीबद्दल काय सांगणार, हेही खरंच.

आता मूळ मुद्दा, गाडीचा. ९४४ ही पोर्शेने १९८२ ते १९९१ या काळात बनवली. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, आणि दोघांना जोडणारी लांब नळी, तिच्या आतून फिरणारा शाफ्ट. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं निम्मं वाटलं जातं. वळणावर गाडी जी शांत राहते ती यामुळे. एस२ ला ३ लिटरचं इंजिन आणि सिलिंडर चारच. एवढे मोठे चार सिलिंडर थरथरू नयेत म्हणून आत दोन बॅलन्स शाफ्ट आहेत. त्याचं पेटंट मित्सुबिशीकडे होतं, आणि पोर्शेने पैसे मोजून परवाना घेतला. हे बाबांना फार आवडलं. दुसऱ्याचं चांगलं असेल तर पैसे देऊन घ्यावं, नक्कल करू नये, असं ते म्हणाले.

खर्च सुरू होतो तो याच रचनेमुळे. क्लच प्लेट बदलायची तर सायलेन्सर उतरवा, मागचा गिअरबॉक्स खाली घ्या, ती नळी मागे सरकवा, तेव्हा कुठे क्लच हाताला लागतो. दादा म्हणाला, "दोन दिवसांचं काम, पोरगा हाताशी असला तर." मला तिथल्या स्पेशालिस्टने सांगितलेला आकडा २ हजार पौंडांच्या पुढे होता, आणि त्यात मोठा भाग मजुरीचा. टायमिंग बेल्टचं तर विचारूच नका. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड उघडावं लागतं. म्हणून साधारण दर चार वर्षांनी तो बदलायचा, गाडी चालली असो वा नसो. बेल्ट उभ्या जागीही म्हातारा होतो. एस२ मध्ये शिवाय वर कॅमच्या साखळीला ताण देणारी प्लास्टिकची गादी आहे, ती कडक होऊन तडकते. आणि सिल! पत्रा झिंक लावलेला असूनही पाणी जायची भोकं कचऱ्याने बुजली की सिल आतून कुजते. तिथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. आपल्या किनाऱ्यावर खारा वारा जे करतो तेच.

मजुरीच्या या फरकावर मी बराच विचार केला. तिथे सुटे भाग मिळतात, पस्तीस वर्षांच्या गाडीचेसुद्धा, खुद्द कंपनी जुन्या गाड्यांचे भाग विकते. महाग आहेत ते हात. आपल्याकडे उलट. जुन्या पद्मिनीचा, कॉन्टेसाचा भाग मिळत नाही, पण लेथवाल्याकडे गेलं की तो बुश कातून देतो, आणि तो बसतो. तिथल्या एका मेकॅनिकला मी हे सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना. मला त्या वेळी आपल्या लेथवाल्यांचा जो अभिमान वाटला तो लिहून सांगता येणार नाही. तिथे जीर्ण भाग फेकतात, आपण जगवतो.

पाहुण्यांचा प्रश्न पैशांचा होता. काका म्हणाले, "सोळा लाखांत इथे नवी कोरी एसयूव्ही येते. नाहीतर घराचं छप्पर कर." छपराचे पैसे मी आणि दादाने मिळून वेगळे ठेवलेत, हे काकांना माहीत नाही. आणि नव्या एसयूव्हीचं म्हणाल तर सात वर्षांच्या कर्जावर ती घेणाऱ्याला कुणी विचारत नाही, की शोरूमच्या बाहेर पडल्या पडल्या तिची किंमत किती उतरली. या पोर्शेची जी घसरायची होती ती कधीच घसरून झाली. चाळीस वर्षं पूर्ण झाली की ब्रिटनमध्ये जुन्या गाडीचा रोड टॅक्स माफ होतो, लंडनचा धुराचा दंडही लागत नाही. आज ही गाडी लंडनमध्ये नेली तर दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतील. चाळिशीनंतर एमओटीसुद्धा सक्तीची राहत नाही. मी मात्र ती करणारच. जंत्री मध्येच तुटलेली मला बघवणार नाही.

आई वेगळंच बोलली. "अगो, तुला तिथे सुट्टीच्या दिवशी करमत नाही म्हणून हवी आहे ना?" आईला सगळं कळतं. आमच्या हॅचबॅकचं बॉनेट उघडलं की काळं प्लास्टिक दिसतं, हात लावण्यासारखं काही नाही. रुग्णालयातल्या ड्युट्या संपल्या की रविवार अंगावर येतो. मला असं काहीतरी हवंय ज्याच्याखाली झोपून, हात काळे करून, दुपार कशी गेली कळू नये. ग्रीसचा वास माझ्यासाठी घराचा वास आहे. जास्त देखभालीची गाडी म्हणून लोक जिला घाबरतात, ती मला त्याच कारणासाठी जवळची वाटते. तेल बदलणं, ब्रेक पॅड, भोकं साफ करणं, होज बदलणं मी स्वतः करीन. बेल्ट आणि क्लच मात्र तज्ज्ञाकडे. नवऱ्याला हे मान्य आहे, त्याने फक्त दोन गाड्यांचा विमा आधी विचारायला सांगितला. ठरावीक मैलांच्या अटीवर जुन्या गाडीचा विमा परवडणारा निघाला.

सरांबद्दल लिहायलाच हवं. मी गाडी बघायला गेले तेव्हा बाबांची शिकवण आधी पाळली: बोलायच्या आधी बॉनेटवर हात. थंडगार होतं. गरम इंजिन अनेक दुखणी लपवतं, म्हणून विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी चालू करून ठेवतात. सरांनी माझा हात बघितला आणि म्हणाले, मुद्दामच सकाळपासून चावी लावली नाही. मग बॅटरी असलेला टॉर्च माझ्या हातात दिला, गुडघ्याखाली घ्यायला जुनी सतरंजी आणून दिली, आणि घरात निघून गेले, म्हणजे मला संकोच नको. मी सिलखाली बोटं फिरवली, जोड शोधले, ऑइल सीलपाशी ओल आहे का पाहिलं. थोडी आहे. ते त्यांनी चहाच्या वेळी स्वतःहून सांगितलं. मी सणाला घरी जातेय, भावाला विचारून सांगते म्हटल्यावर म्हणाले, जाऊन या, तोवर दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. बयाणा म्हणून एक पेनीसुद्धा घेतली नाही. आपल्या गावात जुन्या पिढीची माणसं असा शब्द देतात, हे पटकन मनात आलं.

दादाला एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. ही गाडी तो कधी उघडू शकणार नाही. परदेशातून वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, मग पस्तीस वर्षांची कुठली? केरीहून चोर्ला घाट चढताना ती वळणं घेत कशी गेली असती, यावर तो आणि बाबा रात्री जेवणं झाल्यावरही बोलत बसले होते. मी दादाला म्हटलं, तूच ये तिकडे, स्विंडनहून एव्हबरीकडे जाणारा रस्ता तुला देते. वहिनीने लगेच विचारलं की मग गॅरेज कोण बघणार.

काल सरांना कळवलं, घेते. अटी दोन. बेल्ट शेवटचा बदलल्याला चार वर्षं होत आली आहेत, तेव्हा तो माझ्या खर्चाने पण गाडी माझ्या नावावर व्हायच्या आधी तज्ज्ञाकडून बदलायचा, आणि त्याच वेळी कॅमच्या साखळीची गादी उघडून बघायची. किमतीशिवाय ५ हजार पौंड बाजूला ठेवलेत, त्यांना पहिली दोन वर्षं दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही, असं नवऱ्याशी बोलून ठरलंय. दादाने वरून एक बजावलं: पैसे देण्याआधी बॅटरी उचलून तिच्याखालचा पत्रा बघ, तो कुजला की तिथून पाणी आत उतरतं, आणि तेव्हा मला व्हिडिओ कॉल लाव.