शिळेवरचा एक शब्द

"'हत्या' नको हो, 'निधन' लिहा. मुलं खेळतात तिथे."

काल ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बैठकीत काका हे अगदी मायेनं बोलले. बागेत गांधीजींच्या स्मरणार्थ शिळा बसवायची आहे, मजकूर ठरत होता. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

रात्री झोप लागेना. ७८ वर्षांचा म्हातारा माणूस दिल्लीत प्रार्थनेला निघाला होता. ३० जानेवारी १९४८. तीन गोळ्या. आणि ते बेरेटा पिस्तूल आपल्याच ग्वाल्हेरातून गेलं होतं, मराठी माणसाच्या हातात. निधन माझ्या आजोबांचं झालं, घरी, अंथरुणात.

सकाळी काकांना फोन केला. म्हटलं, 'हत्या'च राहू द्या.

ते बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "पिस्तुलाचंही लिहायचं का रे?"