बाकावरची पाच पोरं

मी शहादा तालुक्यातल्या एका शाळेत पीटीचा शिक्षक आहे आणि चार वर्षांपासून पोरांना रग्बी शिकवतोय. गेल्या ऑक्टोबरात धुळ्याला स्पर्धा होती, सेव्हन्सची, म्हणजे सात-सात जण आणि सात-सात मिनिटांचे दोन हाफ. तो दिवस अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

आमची पोरं अंगाने लहान. निम्मी पाड्यावरची, घरी कापूस वेचून शाळेत येणारी. आदल्या दिवशी समोरच्या टीमचे फोटो कोणीतरी मोबाईलवर दाखवले तर कॅप्टनच म्हणाला, "सर, त्या भलता मोठा शेतस." मग मी त्यांना वर्गात बसवून जपानची मॅच दाखवली. 2015 चा वर्ल्ड कप, म्हणजे पंधरा-पंधरा जणांची, ऐंशी मिनिटांची रग्बी, इंग्लंडमधलं ब्रायटन, समोर साऊथ आफ्रिका. त्याआधी जपानने वर्ल्ड कपमध्ये फक्त एक मॅच जिंकली होती, तीही 1991 ला झिम्बाब्वेशी. मी पोरांना एकच गोष्ट परत परत मागे घेऊन दाखवली, की जपानी खेळाडू छातीला भिडतच नाहीत, खाली मांडीत-गुडघ्यात घुसतात आणि पडले की लगेच उठून परत लाइनीत उभे. माणूस कितीही मोठा असू दे, पाय धरले की तो पडणारच. पोरांनी त्याचं लगेच "खाले धर" करून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर तेच ओरडत होते.

पहिली मॅच सकाळी दहाची. शेवटच्या मिनिटाला आम्ही 7-10 ने मागे आणि बरोब्बर पोलच्या समोर आम्हाला पेनल्टी मिळाली. ड्रॉप किक मारली तर तीन पॉइंट, बरोबरी. मी बाहेरून जीव तोडून ओरडतोय किक मार, किक मार, आणि कॅप्टनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, बॉलला नुसता पाय लावून तो उचलला आणि पळत सुटला, दोघांच्या मधून वाकून गेला आणि ट्राय, म्हणजे त्यांच्या गोललाइनीपलीकडे बॉल जमिनीला टेकवला, त्याचे पाच पॉइंट. 12-10. आता जपाननेही तेच केलं होतं, 29-32 ने मागे असताना बरोबरीची किक सोडून त्यांचा कॅप्टन मायकल लीचने स्क्रम घेतला, म्हणजे दोन्हीकडचे दांडगे खेळाडू एकमेकांत डोकी घालून बॉलसाठी रेटतात तो, कोच एडी जोन्सला किक हवी होती तरी, आणि कार्न हेस्केथने कोपऱ्यात ट्राय करून 34-32 केलं. माझ्या पोराने ते बघितलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं. मी त्याला नंतर काही बोललो नाही, नुसती पाठ थोपटली.

चुकलं ते याच्यापुढे, आणि ती चूक पूर्ण माझी.

सेमी फायनल साडेअकराला. ऑक्टोबर हीटचं ऊन तुम्हाला माहितीये, खान्देशातलं. आमची टीम बारा जणांची आणि मी पहिल्या मॅचमध्ये एकही बदल केला नव्हता. जिंकलेले सात, त्यांनाच परत उतरवलं. पाच पोरं बाकावर, पाण्याच्या बाटल्या सांभाळत. हाफ टाइमला बारा नंबरचा पोरगा जवळ येऊन म्हणाला, "सर, मन्हा नंबर कव्हय लागी?" मी म्हटलं थांब रे जरा. दुसऱ्या हाफात आमची तीच पोरं, जी सकाळी गुडघ्यात घुसत होती, उभ्या उभ्या खांद्याला हात लावायला लागली. कमरेतून वाकायची ताकदच उरली नव्हती ना. तिथून एकामागून एक ट्राय बसले, 0-24.

दीड मिनिट राहिलं तेव्हा मी बारा नंबरला पाठवलं. त्याने त्यांच्या सगळ्यात दांडग्या पोराला दोनदा पाडलं, दोन्ही वेळा खाली, मांडीत, डोकं बाजूला काढून, अगदी शिकवलं तसं. शिट्टी झाली, तो बाहेर आला, जर्सी कोरी करकरीत आणि फक्त उजव्या खांद्यावर मातीचा एक गोल डाग. बाकीचे सहा जण जमिनीवर आडवे पडलेले. त्या डागाकडे बघून मला काय वाटलं ते मी घरी बायकोलाही नीट सांगू शकलो नाही.

एसटीत दोंडाईचापर्यंत मी तोच हिशोब करत बसलो. जपानची ती मॅच आपण सगळे सांगतो, पण फक्त चार दिवसांनी त्यांना स्कॉटलंडने 45-10 ने धुतलं, ते कोणी सांगत नाही. मीही पोरांना सांगितलं नव्हतं. थकवा हेच एकमेव कारण नसेल, पण चार दिवस म्हणजे रग्बीत काहीच नाही. आणि ज्यांना जपानने हरवलं ते साऊथ आफ्रिकावाले बघा पुढे काय करतात, 2019 च्या वर्ल्ड कपला बाकावर सहा फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये रेटणारे दांडगे, आणि दोनच बॅक, म्हणजे मागून पळणारे, बसवले, त्यात मॅल्कम मार्क्स, स्टीव्हन किट्सहॉफसारखे, कुठल्याही देशाच्या पहिल्या पंधरात बसतील असे, आणि फायनलला इंग्लंडला 32-12 ने हरवलं. 2023 च्या वर्ल्ड कपच्या सेमीला परत इंग्लंडच समोर, 69 व्या मिनिटाला 6-15 ने मागे होते. तिथून ट्राय केला स्नायमनने, स्क्रममध्ये पेनल्टी काढली ऑक्स न्चेने, जिंकायची किक मारली पोलार्डने. 16-15. तिघेही बाकावरून आलेले! त्यांच्याकडे बाक म्हणजे उरलेली माणसं नाहीत, शेवटच्या वीस मिनिटांसाठी राखून ठेवलेली टीम आहे. हे सगळं मला माहीत होतं हो, मी मॅचेस बघितल्या होत्या, आणि तरी माझ्या बाकावरच्या पाच जणांना मी बाटल्या धरायला लावल्या.

आता मॅचच्या आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवतो, कोणत्या मिनिटाला कोण बाहेर आणि कोण आत, आणि ते पान बाराही पोरांना वाचून दाखवतो. जिंकत असलो तरी ते लिहिलेलं बदलत नाही. डिसेंबरातल्या मॅचला हाफ टाइमनंतर लगेच आत जाणाऱ्यांत पहिलं नाव बारा नंबरचं होतं, आणि त्या दिवशी त्याने मला काही विचारलं नाही, हाफ टाइमची शिट्टी व्हायच्या आधीच लेस आवळून लाइनीजवळ उभा होता.