लाभ, दोन, तीन, चार

“ह्याचं काही नाही. हिचे मात्र आठशे पडतील.”

हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस माझ्या जुळ्यांकडे पेन रोखून बोलत होता. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना पैसे नाहीत, हा त्यांचाच नियम. फोनवर दोनदा विचारून घेतलेला. म्हटलं, “अहो, जुळी आहेत ती.” त्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, “वाटत नाहीत.”

आता मनी बंड्यापेक्षा चांगली चार बोटं उंच आहे, हे खरं. बंड्या माझ्या माहेरच्या वळणावर गेलाय आणि मनी सासरच्या माडांवर. पण दोघं एकाच सकाळी झाली, नऊ मिनिटांच्या अंतराने, आणि मागून आली ती मनी. म्हणजे कायद्याने बघायचं तर तीच धाकटी. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “आधार कार्ड आहे का?”

समुद्रावर जाताना साडेचार वर्षांच्या मुलांची आधार कार्डं घेऊन कोण निघतं? (आता मी निघते.)

तेवढ्यात माझा भाचा त्या सबंध लॉबीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “मामी, म्हणजे कर्व्यांचं उलटं झालं!”

ह्याला थोडी पार्श्वभूमी आहे. आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो आणि दापोलीकडे निघालो होतो. ताम्हिणीत तीनदा थांबलो, का ते सांगत नाही, मुलं असलेल्यांना कळेल. माणगावच्या पुढे मागच्या सीटवरून “अजून किती” सुरू झालं, तेव्हा मी ठेवणीतली गोष्ट काढली. म्हटलं, आपण मुरुडला जातोय ना, ते धोंडो केशव कर्व्यांचं गाव. आपल्या कर्वेनगरचे कर्वे. ते सतरा-अठरा वर्षांचे असताना परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेले. पावसाचे दिवस, शंभर मैलांच्या वर अंतर, मध्ये सह्याद्री. आणि तिथे पोचल्यावर कमिटीने सांगितलं, तू वयाने लहान दिसतोस, तुला परीक्षेला बसता येणार नाही. आले परत. आणि तुम्ही एसी गाडीत बसून कुरकुरता.

गाडीत थोडा वेळ शांतता. मग मोठी म्हणाली, “चालत गेले म्हणूनच. गाडीने गेले असते तर त्यांनाही उलटी झाली असती.”

तर कर्वे लहान दिसले म्हणून अडकले आणि आमची मनी मोठी दिसते म्हणून. भाच्याचा मुद्दा बिनतोड होता, पण काउंटरवरच्या माणसावर काही परिणाम झाला नाही. मी आठशे रुपये भरले. नवरा बॅगा उतरवून आला तोवर सगळं संपलं होतं. “जाऊ दे गं,” म्हणाला. हा मनुष्य कुठल्याही प्रसंगात “जाऊ दे गं”च म्हणतो, आणि दर वेळी ते मला आठशे रुपयांपेक्षा महाग पडतं.

आमची एकूण मोजणी सांगून टाकते. मोठी आठ वर्षांची, ही जुळी, आणि नणंदेचा नऊ वर्षांचा मुलगा, जो नाताळच्या सुट्टीत आमच्याकडेच असतो. चार. जगातली सगळी हॉटेलं “दोन मोठे, दोन लहान” अशा कुटुंबांसाठी बांधलेली आहेत. त्यापलीकडे गेलात की तुमच्याकडे बघण्याची नजर बदलते. “सगळी तुमचीच?” हा प्रश्न मला ताम्हिणीतल्या चहावाल्यापासून सगळ्यांनी विचारलाय. पूर्वी मी खुलासा करायचे. हल्ली “हो, आणखी दोन घरी आहेत” म्हणते.

आणि चार पोरं घेऊन फिरायचं म्हणजे फिरायचं कसलं, मोजायचं. गाडीतून उतरलं की मोज, पाण्यातून बाहेर आलं की मोज. माझी आजी पायलीने तांदूळ मापायची तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नसे, लाभ म्हणायची. लाभ, दोन, तीन. मीही पोरं तशीच मोजते. त्यामुळे आज लाभ कोण ह्यावरून रोज मारामारी होते, पण निदान मोजून घ्यायला सगळी धावत येतात.

हॉटेल होतं मुरुडच्या शेजारच्या कर्द्याला. कर्द्याचा समुद्र चांगला आहे, लांबलचक आणि सपाट. पण नाताळच्या आठवड्यात वाळूवर चार चाकांच्या त्या धूर ओकणाऱ्या गाड्या इतक्या सुसाट फिरत होत्या, की मी लाटांकडे पाठ करून गाड्यांकडे तोंड करून उभी होते. पोरं बुडतील ही भीती घेऊन आले होते आणि चिरडतील ह्या भीतीत संध्याकाळ गेली. सकाळी नाश्त्याला आठशे रुपयांच्या मनीने अर्धी इडली खाल्ली आणि चटणीत बोट घालून टेबलावर मासा काढला. फुकटातल्या बंड्याने सहा खाल्ल्या.

पुढच्या दोन रात्रींचं बुकिंग मी रद्द केलं. पैसे परत मिळाले नाहीत. नवरा काय म्हणाला ते लिहीत नाही.

मुरुडमधल्या एका काकूंचा नंबर मैत्रिणीने दिला होता. फोन केला, खोली आहे म्हणाल्या. मग मी चाचरत विचारलं, “चार मुलं आहेत. मुलांचं कसं?”

“त्यांचं काय कसं?”

“म्हणजे पैसे.”

“ज्याला स्वतंत्र पान वाढावं लागेल त्याचे घेत्ये. आईच्या ताटातलं खाणाऱ्याचे कसले घ्यायचे?”

आधार कार्डाशिवाय वय ठरवायची ह्याहून सोपी रीत मी ऐकलेली नाही. आणि त्यात आणखी एक पोटनियम होता, तो दुसऱ्या दिवशी कळला. चुलीपाशी उभं राहून खाल्लेलं मोजत नाहीत. काकू घावन काढत होत्या आणि चौघं ओळीने उभी राहून तव्यावरचं थेट तोंडात घालत होती. किती खाल्ली कोणालाच माहीत नाही. रात्री कुळथाचं पिठलं आणि भात होता. जे पिठलं घरी केलं की “हे काय ब्राऊन” म्हणतात, तेच इथे दोनदा मागून घेतलं. ह्याबद्दल मला काकूंचा थोडा रागच आहे.

उगाच फार गोड लिहायला नको. न्हाणीघर अंगणापलीकडे, वाटेवर जांभ्याचा चिरा सैल झालेला, रात्री पोफळीच्या आगरात खसफस झाली की मोठी “मला लागलीच नाही” म्हणून परत यायची. डास होते. आणि काकूंनी जुळ्यांकडे बघून मला स्पष्ट विचारलं, “एकीवर थांबायचं नाहीस गो?” एकदम दोन येणार हे मला कुणी आधी विचारलं नव्हतं, असं मी म्हटलं. “ते बाकी खरं,” म्हणाल्या आणि ताक वाढलं.

पोचलो त्याच दुपारी आम्ही हर्णैला जायचं ठरवलं, संध्याकाळचा माशांचा लिलाव बघायला. काकूंचं घर शाकाहारी. त्यांनी जायला हरकत घेतली नाही, पण दारातच चौघांना उभं करून सांगितलं, “आल्यावर आधी आंघोळ, मग घर. आणि मासळीचं एक खवलंसुद्धा उंबऱ्याच्या आत यायला नको.” चौघांनी माना डोलावल्या. ही सूचना बंड्याने किती मनावर घेतली होती ते पुण्याला कळलं.

हर्णैला मोठ्या होड्या लांब पाण्यात नांगरून असतात. तिथून मासळी लहान होड्यांतून येते आणि उथळ पाण्यात थेट बैलगाड्या घातलेल्या असतात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे, चाकं अर्धी बुडालेली, आणि टोपल्या होडीतून गाडीत. भाच्याला ह्याचं भयंकर आश्चर्य वाटलं, कारण त्याच्या पुस्तकात बैल फक्त शेतात असतो. वाळूवर ठिकठिकाणी ढीग. पापलेट वेगळं, सुरमई वेगळी, कोळंबी, म्हाकूल, बांगडे. बर्फाचे ठोकळे फोडून चुरा चाललेला. प्रत्येक ढिगाभोवती घोळका आणि मध्ये कोणीतरी आकडे ओरडतंय. कोण बोली लावतंय आणि कोणाला मिळालं, हे तुम्हाला कळेपर्यंत टोपली उचललेली असते. आणि ह्या सगळ्यात आमच्यासारखे शंभरेक लोक मोबाईल धरून वाटेत उभे. माझा नवरा गाडीतच बसला, काचा वर करून, नाकाला रुमाल लावून. सासरी अंडंही चालत नाही. मी माहेरची खाणारी, त्यामुळे पापलेटच्या ढिगापाशी माझी पावलं जरा रेंगाळली, हे कबूल करते.

समोरच पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. मोठीने विचारलं, तिथे कोणी राहतं का? झालं. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. आंग्र्यांचं आरमार, मग 1755 मध्ये कमोडोर जेम्सने तो कसा घेतला, पेशवे आणि इंग्रज मिळून तुळाजी आंग्र्यांवर कसे चालून गेले, म्हणजे आपलेच आपल्यावर, असं मी रंगात येऊन सांगत होते. भाच्याने विचारलं, तोफा कुठून मारल्या? मी हात लांब करून दाखवलं. हात खाली आणताना सवयीने मोजलं.

लाभ, दोन, तीन.

पुन्हा. लाभ, दोन, तीन.

बंड्या नव्हता.

हे कसं असतं ते ज्यांचं मूल हरवलेलं नाही त्यांना सांगता येत नाही. मला सगळ्यात आधी बैलगाड्यांची चाकं दिसली. मग पाणी. मग एकदम सगळी माणसं सारखी दिसायला लागली, सगळ्यांनी निळे शर्ट घातलेत असं वाटायला लागलं, कारण त्याने निळा घातला होता. मनीचा हात मी इतका दाबला की ती रडायला लागली. मोठीला आणि भाच्याला एकमेकांचे हात धरून तिथेच उभं राहा म्हणून सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं की आता मी दोघांना सोडून एकाला शोधायला निघालेय. मनीला ओढत जाळ्यांवरून उड्या मारत पळाले. हाका मारत होते, पण तिथे सगळेच ओरडत असतात. बंड्या ह्या हाकेचा तिथे कोलंबीच्या भावाइतकाच आवाज.

चार-पाच मिनिटं गेली असतील. मला चार-पाच वर्षं वाटली हे वाक्य घासून गुळगुळीत झालंय, पण दुसरं सुचत नाही.

एका घोळक्यातून हशा ऐकू आला आणि त्यात एक बारीक, ओळखीचा आवाज. “चौदा!”

बंड्याला तेव्हा नुकते वीसपर्यंत आकडे येऊ लागले होते. त्यातला चौदा त्याचा लाडका. एका पालथ्या टोपलीवर त्याला उभं केलं होतं आणि शेजारी एक कोळीण, कमरेवर हात ठेवून, आकडे पुकारत होती. ती काहीतरी हजारांत म्हणायची, घोळका थांबायचा, आणि हा पूर्ण गांभीर्याने म्हणायचा, “चौदा!” मग सगळे हसायचे, आणि खऱ्या बोलीवाल्याने मान हलवली की टोपली जायची.

मी त्याला खेचून कडेवर घेतला. ती बाई मला म्हणाली, “तुजाच काय गो ह्यो? मगाधरनं उभा हाय. गाडीखाली गेला असता, म्हणून चढवला वर.” मला तिला काय म्हणावं सुचेना. रडूही येत होतं आणि बंड्याला एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. मी पर्समधून नोट काढायला लागले, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की नोट हातातच राहिली. “पोराला जेवायला घाल,” म्हणाली, आणि वळून परत आकडे. मी तिच्याकडून निदान काहीतरी विकत घ्यायला हवं होतं. पण काकूंचा उंबरा आठवला आणि नुसतीच परत निघाले. त्याची चुटपुट अजून आहे.

बंड्याची उजवी मूठ गच्च आवळलेली होती, त्यातून पाणी गळत होतं. बर्फ असेल म्हटलं.

नवऱ्याला गाडीत बसून काहीच कळलं नव्हतं. सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच “जाऊ दे गं” म्हणाला नाही. बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

उरलेले दोन दिवस आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, न दिसलेले डॉल्फिन आणि अखंड मोजणीत गेले. निघताना काकूंनी हिशेब दिला, त्यात मुलांची दोनच पानं होती. मोठी आणि भाचा. मनीचं काय, असं मी मुद्दाम विचारलं. “ती जेवली कुठे? मांडीवर लोळतच होती,” म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मंडणगडापासूनच गाडीत वास यायला लागला. नवऱ्याने भाच्याच्या मोज्यांवर संशय घेतला. मोजे पिशवीत बांधले. मग माझ्या ओल्या टॉवेलवर, मग शिंपल्यांच्या डब्यावर. शिंपले माणगावात फेकून दिले, त्यावरून मोठी ताम्हिणीपर्यंत बोलली नाही. पुण्यात आल्यावर दोन दिवस काचा उघड्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना नवऱ्याने फोन केला आणि काही न बोलता नुसतं खाली बोलावलं.

मागच्या सीटच्या खिशात, टिश्यू पेपरच्या चार पदरी गुंडाळीत, एक मांदेली होती. निदान एकेकाळी असावी.

बंड्याला बोलावलं. तो अजिबात घाबरला नाही. काकू घरात नको म्हणाल्या म्हणून गाडीत ठेवली, हे त्याने नीट समजावून सांगितलं. आणि बाबा ती कागदात धरून कचऱ्याच्या डब्याकडे निघाले तेव्हा मात्र पाठीमागे धावला.

“ती माझी आहे! मी घेतलीये! चौदाला!”